परतावा ही मेहरबानी नव्हे

विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर तिकिटाचे पैसे परत मिळणे हा प्रवाशाचा हक्क आहे. तरीही आपण "जाऊ द्या, कोर्टाची पायरी कोण चढणार?" म्हणत गप्प बसतो. कंपन्यांचा हिशेब आपल्या याच कंटाळ्यावर चालतो. माझ्या चार तिकिटांचे पैसे एका कंपनीने सात महिने अडकवले. उत्तर एकच, 'प्रक्रिया सुरू आहे'. शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली.

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वाट सोपी केली आहे. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र 2 वर्षांची. म्हणून तिकीट, संदेश, ईमेल जपून ठेवा.

तारखा पडतात, शाळेतून रजा काढावी लागते, हे खरे. माझा निकालही अजून लागायचा आहे. पण उर्दूतला 'हक' असो की मराठीतला 'हक्क', मागितल्याशिवाय तो पदरात पडत नाही. रक्कम लहान आहे म्हणून सोडून दिली, तर कंपनी पुढच्या प्रवाशालाही तेच उत्तर देणार.