कांदा आणि मुक्त व्यापार

मुक्त व्यापाराची थोरवी सांगणारे केंद्र सरकार कांद्याचा विषय निघताच निराळी भाषा बोलू लागते. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातदर, आणि ८ डिसेंबरला थेट बंदी! लासलगावचा भाव कोसळला. पुढे काही मित्रदेशांसाठी दार किलकिले झाले, तेही एकट्या ‘नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड’पुरते, खासगी निर्यातदाराला थेट वाट नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची सवलत मिळाली. नाशिकचा उन्हाळ कांदा वाट पाहत राहिला.

व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव ठरविला तर २००२ चा स्पर्धा कायदा त्यांना धरतो. सरकार एका आदेशाने भाव पाडते, त्याला विचारणारा कोण? (असे आदेश आम्ही अधिकारीही निमूटपणे बजावत आलो.) ग्राहकाला स्वस्त कांदा जरूर द्यावा, पण त्याची झळ सरकारी तिजोरीने सोसावी. नाशिकच्या वा आपल्या माळव्याच्या शेतकऱ्याने ती का सोसावी?

बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, शुल्क राहिलेच. त्यातले उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ ला रद्द झाले, तेव्हा रब्बीचा माल बाजारात येऊन भाव उतरूही लागले होते.