नाव घेता येते, बांधायची कोठे?

तेल्हाऱ्यासारख्या समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या तालुक्यात शिडाच्या नावेचा विषय काढला, तर ऐकणाऱ्याला हसू येणे स्वाभाविक आहे. कापूस, तूर आणि खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्याची वाण हे येथील नित्याचे प्रश्न. परंतु याच तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगड येथे वान नदीवर धरण उभे आहे आणि ‘हनुमान सागर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जलाशयात सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा मावतो. वऱ्हाडात लहानमोठे असे जलाशय अनेक आहेत. त्यांतील पाण्याच्या वाटपावर सभा होतात, मोर्चे निघतात. त्या पाण्यावर चालणाऱ्या नावेची चर्चा मात्र ती उलटल्यावरच होते.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा बळी गेला. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट बुडून सहा जण दगावले. दोन्ही वेळी हळहळ झाली, मदत जाहीर झाली. नाव कोणी तपासावी, तिच्यात किती माणसे बसावीत, ती कोठून सुटावी आणि कोठे लागावी, हे प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिले. जुनी नाव विकत घेणे आणि ती बांधायला जागा शोधणे ही केवळ हौशी श्रीमंताची अडचण नव्हे. ती मासेमाराची, पैलतीरी शेत असलेल्या शेतकऱ्याची आणि जलक्रीडा शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचीही अडचण आहे.

यातील पहिली बाजू खरेदीची. बैल घेताना वऱ्हाडातला शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. नावेच्या बाबतीत असा जाणता गावात सापडत नाही. रंगाचा एक नवा हात दिला की जुने लाकूड नवे दिसते. फायबरच्या नावेचा तळ कोठे मऊ पडला आहे, तरंगत ठेवणारे हवेचे बंद कप्पे खरोखरच बंद आहेत काय, शिडाचे कापड उन्हाने किती विरले आहे आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा टोकाशी कितपत गंजल्या आहेत, हे विकणाऱ्यास पक्के ठाऊक असते. घेणाऱ्यास पहिल्या वाऱ्यातच कळते. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले. चांगला माल व वाईट माल ओळखता येत नसेल, तर घेणारा सर्वांनाच कमी भाव देतो. मग चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो आणि मागे गाळ उरतो. या विचाराच्या गौरवार्थ २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. यावरचा उपाय जुनाच आहे: तिऱ्हाईत जाणकाराची तपासणी आणि नावेसोबत हातोहात जाणारा नोंदणीचा कागद.

दुसरी बाजू अधिक बिकट आहे. नावेची किंमत एकदाच मोजावी लागते, जागेची दरवर्षी. मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या बोटी समुद्रतळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या पिंपाला बांधलेल्या दिसतात, आणि पावसाळा आला की त्यांना आसरा शोधावा लागतो. जलाशयाची रीत याहून निराळी. ऑक्टोबरात काठाशी बांधलेली नाव मे महिन्यात चिखलात रुतून बसते, कारण पाणी मागे सरकलेले असते. आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले, की आखूड दोरखंड तिला खाली खेचून धरतो. म्हणून लहान नाव पाण्यात ठेवूच नये. हातगाड्यावर ओढून छपराखाली ठेवावी हे बरे. म्हणजे जलाशयाचे बंदर ते काय, तर पाण्यापर्यंत गेलेला एक पक्का उतार, वर एक छप्पर आणि नोंदवही राखणारा एक माणूस.

हा उतार एका नावेसाठी बांधला काय आणि वीस नावांसाठी बांधला काय, खर्च जवळपास तेवढाच. म्हणूनच तो एकट्यादुकट्याने बांधण्याचा नव्हे, सार्वजनिक खर्चाने बांधण्याचा आहे. मात्र ‘सार्वजनिक’ म्हणून बांधायचे आणि पर्यटनाच्या नावाखाली एखाद्या ठेकेदाराच्या हवाली करायचे, असे होता कामा नये. आपल्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठावर पहिला हक्क त्यांचा, शाळा-महाविद्यालयांचा त्यानंतर, हौशी मालकाचा सर्वांत शेवटी, आणि तोही पूर्ण भाडे भरून.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी सातपुड्यापलीकडे पाहावे. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. तरीही भोपाळच्या मोठ्या तलावावरील राष्ट्रीय शिडनौका प्रशाळेत शिकलेल्या, देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातल्या नेहा ठाकूरने २०२३ साली हांगझो येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. त्या मुलीकडे घरची नाव नव्हती आणि तिला तिची गरजही पडली नाही. नाव आणि काठ दोन्ही संस्थेने पुरविले.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. वानचे पाणी पिण्यासाठी जाते आणि त्याला लागून मेळघाटचे वाघांचे रान आहे. जेथे वन्यजीवांचा निवारा आहे तेथे नावांची वर्दळ नकोच. त्यासाठी दुसरे तलाव शोधावेत. पिण्याच्या पाण्याचे म्हणाल, तर भोपाळच्या त्याच तलावावर राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये यांत्रिक बोटींना मनाई केली. शिडाची नाव डिझेल जाळीत नाही, हा तिचा मोठा गुण तेथे कामी येतो.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ यात यंत्राविना चालणाऱ्या नावांचा स्वतंत्र विचार केला असून त्यांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची मुभा राज्यांना दिली आहे. या मुभेचा उपयोग राज्य शासनाने वऱ्हाडासाठी करावा. जिल्हा परिषदेने प्रत्येक नावेची वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तपासणी करावी. नावेवर माणसांची संख्या ठळक रंगवावी. एक तरी तलाव निवडून तेथे उतार व छप्पर बांधावे. यास लागणारा पैसा धरणाच्या खर्चापुढे नगण्य आहे. नाव उलटल्यानंतर दिल्या जाणाऱ्या मदतीने गेलेले माणूस परत येत नाही; हा हिशेब समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.