भिंत धरून चालणारा पेशंट

साप्ताहिक सदर : उशा-पायथ्याशी

म्हैसूर जिल्ह्यात, कपिला नदीच्या काठी सरगूर आहे. डॉ. आर. बालसुब्रमण्यम आणि म्हैसूर मेडिकल कॉलेजातल्या त्यांच्या मित्रांनी १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट सुरू केली. धरण आणि अभयारण्यामुळे उठवलेल्या जेनू कुरुबा, काडू कुरुबा आदिवासींसाठी केंचनहळ्ळीत दवाखाना झाला आणि पुढे सरगूरला विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल. अशा जंगलकडेच्या रुग्णालयात माणूस एकदा पोचला की डॉक्टर मिळतो. पण रात्री दोनला लघवीला जाताना त्याचा हात कोण धरणार? हा प्रश्न सरगूरला आहे, तसाच मेळघाटात आणि पुण्यातही.

पडण्याचा धोका मोजायला जगभर मॉर्स स्केल वापरतात. जॅनिस मॉर्स यांनी ती १९८९ मध्ये मांडली. चालताना काठी किंवा वॉकर घेणाऱ्याला १५ गुण, टेबल-खुर्च्या धरत जाणाऱ्याला ३०, आणि नर्सच्या आधाराने चालणाऱ्याला शून्य! एकूण ४५ झाले की धोका मोठा समजतात. आपल्याकडे मात्र भिंत धरून एकटे गेलेल्या आजोबांचं कौतुक होतं, ‘बघा, कुणाला त्रास नाही.’

त्रास नको म्हणूनच तर माणसं पडतात. सिस्टर धावपळीत, मावशी दुसऱ्या वॉर्डात, मुलगा खाली सतरंजीवर झोपलेला. त्याला उठवायचं कसं? मग पेशंट झटकन उभा राहतो, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात संध्याकाळी लघवीची गोळी दिलेली असली तर रात्री दोन-तीन खेपा ठरलेल्याच.

यावर सोपा इलाज म्हणून कठडे वर करतात, कुठे हातही बांधतात. ते मला मुळीच पटत नाही. गोंधळलेला म्हातारा कठड्यावरून चढून उतरू पाहतो आणि जास्त उंचीवरून पडतो. कॉट खाली, चाकांचा ब्रेक लावलेला, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, रात्रभर मंद दिवा, आणि झोपण्याआधी सिस्टरनेच विचारणं, ‘जाऊन येऊ या का?’ यात महागडं काही नाही. महाग आहे ते मनुष्यबळ. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. रात्रपाळीला कुठल्याही वॉर्डात जाऊन मोजून पाहा.

तोवर खरी नर्स म्हणजे सोबतचा नातेवाईक, आणि त्याला कुणी काही शिकवत नाही. तो काखेत हात घालून पेशंटला ओढतो. लकवा मारलेला खांदा त्याने दुखावतो. आधी कॉटच्या कडेला बसवायचं, पाय जमिनीला टेकवून दोन-तीन मिनिटं थांबायचं, चक्कर येते का विचारायचं. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची, चालवताना आपण अधू बाजूला राहायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

भरतीच्या दिवशी डिपॉझिटची पावती फाडायला वेळ असतो, तर सिस्टरच्या देखरेखीखाली एकदा उठवून दाखवायलाही काढावा. आणि नातेवाईकांनो, कुणी दाखवलं नाही तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी तुम्हीच विचारा.