माल हलाल, पण भांडे?

मी कापडाचा व्यापारी. थान, गाठ, सुतळी आणि किंतान यांतच माझी उमर गेली. कापडाची गाठ गाडीतून खाली पडली तर फार तर धूळ लागते, कापड फुटत नाही. त्यामुळे २०१७ साली मालवणच्या माझ्या साडूंनी कोकमाच्या आगळाच्या धंद्यात शिर्कत करता का, असे विचारले तेव्हा मी मालाची चौकशी केली, भावाची केली, मुंबईच्या गिऱ्हाइकाची केली. भांड्याची केली नाही. ही चूक माझी होती, आणि आपल्या बिरादरीतले पुष्कळ व्यापारी आजही ती करीत आहेत. म्हणून हा लेख.

पहिली खेप काचेच्या मोठ्या बरण्यांतून पाठवली. वीस-वीस लिटरच्या वीस बरण्या, लाकडी खोक्यांत, भोवती भाताचा पेंढा. आमच्या वडीलधाऱ्यांनी असेच पाठवले होते, आम्हीही पाठवले. मुंबईत खोकी उघडली तेव्हा चार बरण्या फुटलेल्या होत्या. ऐंशी लिटर आगळ पेंढ्यात मुरले. बाकीच्यांपैकी काहींच्या झाकणाखाली पेंढ्याचा चुरा सापडला. दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो असे समजून काच सोडली आणि बाजारातून जुने प्लॅस्टिकचे कॅन स्वस्तात घेतले. विकणारा म्हणाला, धुतलेले आहेत. आम्हीही तीनदा गरम पाण्याने धुतले. तरी आगळाला साबणासारखा वास आला, कारण प्लॅस्टिक वास पिऊन बसते आणि आंबट माल तो हळूहळू बाहेर ओढतो. गिऱ्हाईक भला माणूस होता. तो एवढेच म्हणाला, "सेठ, माल तुमचा खरा आहे, पण मला विकता येणार नाही." पुढच्या हंगामात त्याचा फोन आला नाही. रतांबे फोडणाऱ्या बायकांची मजुरी साडूंनी पदरची दिली, तीही उशिराने.

आम्ही कुणाला फसवले नव्हते. पण त्या कॅनमध्ये आधी काय होते हे आम्ही विचारलेही नव्हते. मापात खोट करणाऱ्यांबद्दल कुराणात अल-मुतफ्फिफीन ही एक स्वतंत्र सूरा आहे, हे आपल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. माप पुरे दिले, पण भांडे काय आहे ते न पाहता दिले, तर तो सौदा साफ म्हणायचा का? माझ्या मते नाही. जेवणाच्या ताटाच्या पाकीबद्दल आपण घरात किती दक्ष असतो! तीच नजर गोदामात का नसावी?

मोठ्या, फुटणाऱ्या आणि स्वच्छ राहिले पाहिजे अशा भांड्यांचा व्यवहार आपल्याला नवा नाही. शाळेत उर्दूच्या तासाला कराबा हा शब्द शिकलो होतो. अर्क, गुलाबपाणी ठेवण्याचा मोठा शीशा. पुढे रंगाईच्या कारखान्यांत जाऊ लागलो तेव्हा ॲसिडच्या मोठ्या बाटलीला कारबॉय म्हणताना ऐकले. हा इंग्रजी शब्द मूळ फारसी कराब्याचाच! आपल्या घरातला मर्तबान तर ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराच्या नावाचा. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताच्या सफरनाम्यात आले, मिरी, लिंबू आणि आंबा खारवून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख येतो, समुद्रप्रवासाच्या शिदोरीसाठी. म्हणजे आंबा भांड्यात भरून दर्यापार नेण्याचा हुन्नर सातशे वर्षांपूर्वीही होता. शेजारच्या गोव्यात फेणीचे पोटफुगे काचेचे शीशे वेताच्या विणीत बसवीत. तो धंदा आपला नाही, पण ती विण पाहण्यासारखी असे. शीशाचा भार मानेवर न येता पोटावर आणि बुडावर सारखा पसरे.

आमच्या बरण्या का फुटल्या, याचे उत्तर त्या विणीत आहे. काच दाबाला मजबूत असते, ताणाला कच्ची. बारीकसा ओरखडा असला तरी चीर तेथून सुरू होते. वीस लिटर खारे आगळ म्हणजे पाण्याहून जड माल. त्यात बरणीचे वजन मिळवले की तीस किलोच्या वर जाते. हमालाने ती गळ्याला धरून उचलली की सगळे वजन गळ्यावर लोंबते. आत रस डचमळतो आणि त्याचा धक्का वेगळाच. खाली खोक्यात एक खिळा वर आलेला असला की झाले. पेंढा पहिल्या पन्नास मैलांत दबून तळाशी बसतो आणि वर बरणी मोकळी हलत राहते. शिवाय पेंढ्यात ओल, बुरशी आणि उंदराची लेंडी, तिन्ही येतात. आपल्या किनाऱ्यावर पुठ्ठ्याचाही भरवसा नाही. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. एप्रिलमध्ये चार खोक्यांची थप्पी उभी राहते, जूनमध्ये तीच थप्पी खालचे खोके चेपते.

आता जरा आपल्याच जिल्ह्यातल्या वाळूकडे पाहा. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे, पियाळी, फोंडा या भागातून सिलिका वाळू निघते. ती धुऊन, चाळून ओतकामाच्या भट्ट्यांना आणि काचेच्या कारखान्यांना जाते, ताडपत्रीखाली, ट्रकच्या ट्रक. सिलिकाच्याच अतिशुद्ध रूपापासून, म्हणजे निवडक क्वार्ट्‌झपासून, जगातले बहुधा सर्वांत लाडावलेले भांडे बनते. संगणकाच्या चिपसाठी आणि सौर तावदानांसाठी लागणारे सिलिकॉन ज्या मुशीत वितळवतात ती मूस. आपली वाळू त्या दर्जाची नाही, गैरसमज नको. तसल्या क्वार्ट्‌झसाठी जग अमेरिकेतल्या स्प्रूस पाइन नावाच्या एका छोट्या गावावर फार अवलंबून आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलेन वादळाने तिथल्या खाणी बंद पडल्या तेव्हा बड्या बड्या कंपन्यांना घाम फुटला.

पण त्या मुशीची बांधणी आपण शिकण्यासारखी आहे. मोठी मूस चोवीस ते बत्तीस इंच व्यासाची, दिसायला आपल्या वलीम्याच्या देगेसारखी, पण काचेसारखी ठिसूळ. सिलिकॉन वितळते १४१४ अंश सेल्सियसला, आणि भट्टी कित्येक तास, कधी कित्येक दिवस तापलेली असते. थंड झाली की मूस तडकते, म्हणजे ती एकदाच वापरायची. तिला उघड्या हाताने शिवायचे नाही. घामातले मीठ बोटाच्या ठशातून काचेला लागले तर भट्टीत त्या जागी काच दाणेदार होऊन बिघडते. आतल्या अंगाला तर कशाचाच स्पर्श चालत नाही. उचलायची ती बाहेरून, ठरलेल्या जागी धरून, यंत्राने किंवा हातमोजे घातलेल्या दोघांनी. मग एकावर एक अशा दोन स्वच्छ पिशव्या, मापाने कापलेला फोम, आणि त्यावर खोके. पोचल्यावर बाहेरची पिशवी दाराशी काढतात, आतली आत नेऊन. रस्त्याची धूळ बाहेरच्या पिशवीबरोबर दाराबाहेर राहते.

हे वाचले तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी कापडवाला. पुसायला आणि गुंडाळायला सुती कापडाहून पाक काय असणार, असे मी समजत होतो. पण सूत तंतू सोडते. भिवंडीच्या मागावर काम केलेल्याला विचारा, त्याच्या भुवयांवरसुद्धा सूत असते. स्वच्छ खोलीत म्हणून अखंड धाग्याचे पॉलिएस्टर वापरतात, ज्याचे टोक सुटत नाही. आम्ही आगळाच्या बरणीचे तोंड सुती फडक्याने पुसून झाकण लावीत होतो!

आगळाला मुशीइतके जपायचे नाही, हे मलाही कळते. पण दोन पिशव्यांची रीत फुकट शिकता येते. ती आंब्याच्या धंद्याने केव्हाच उचलली. हापूसचा रस निर्जंतुक करून निर्जंतुक पिशवीत भरतात आणि ती पिशवी पत्र्याच्या पिंपात बसवतात. पिंप मार खाते, पिशवी माल सांभाळते. अशा एका पिंपात साधारण २१५ किलो रस मावतो. वीस फुटी कंटेनरात ऐंशी पिंपे जातात. आपल्या आंब्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कोकमाला त्याआधीच मिळाले होते. नाव कागदावर मिळते, पण परदेशच्या गोदामात उघडते ते पिंप.

इथे हमालीचा प्रश्न येतो, आणि त्यावर आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही. २१५ किलोचे पिंप चौघांनी लोटायचे, कडेवर फिरवायचे, फळीवरून ट्रकात चढवायचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका पुरुषाने उचलण्याच्या ओझ्याला ५५ किलोची हद्द सुचवली. आपल्या महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि त्या कायद्याखाली येणाऱ्यांत आपली माणसेही थोडी नाहीत. काही मंडळी म्हणतात, यंत्र आणाल तर हमालाची रोटी जाईल. मी उलट म्हणतो. चाळिशीत कंबर गेली की रोटी तशीही जाते. पिंपाची ट्रॉली, हाताने ओढायचा पॅलेट ट्रक, ट्रकच्या मागे बसवायचे लिफ्टचे फळे, यांतले एकही माणसाशिवाय चालत नाही. ते चालवणारा माणूस अधिक मोलाचा होतो, आणि त्याला अधिक मजुरी देणे हे मालकाचे काम.

काच उचलण्याचे यंत्र तर आपल्या पोरांच्या हातात आहेच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणारे आपले कारागीर गावोगाव आहेत. मोठी काच ते रबराच्या सक्शन कपाने उचलतात. कारखान्यात तोच कप पंपाला जोडतात, एवढाच फरक. त्याचे नियमही या पोरांना पाठ असतात. धुळीच्या किंवा ओल्या काचेवर कप धरत नाही, रबराला चीर असली की हवा शिरते, आणि कप धरला तरी खाली पट्टा लावायचाच, कारण वीज गेली की पंप गेला. एक गोष्ट मात्र त्यांना नवी असेल: कपाचा डाग राहतो, म्हणून जिथे माल लागणार तिथे कप लावायचा नाही. माझ्या मते या पोरांनी खिडक्यांवर न थांबता भांड्यांच्या उचल-ठेवीचे काम अंगावर घ्यावे. आज ते काम करणारा माणूस शोधायला जावे लागते.

सुतारांसाठीही काम आहे. परदेशी जाणारे लाकडी खोके आता नुसते ठोकून चालत नाही. २००२ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटे तापवावे लागते, आणि मान्यता असलेल्यानेच त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारायचा असतो. शिक्का नसेल तर बंदरावर मालासकट खोके अडकते. आपल्याकडे हातात कला असलेले सुतार आहेत, पण तापवण्याची भट्टी दहा जणांनी मिळून उभारावी लागेल. एकट्याच्या ताकदीचे ते काम नाही. जमातीच्या बैठकीत शादीखान्याच्या फरशीवर दोन तास चर्चा होते, त्यातला अर्धा तास इकडे द्यायला काय हरकत आहे?

लहान व्यापारी म्हणेल, हे सगळे बड्यांचे. मी माझा हिशेब सांगतो. आमच्या त्या दोन खेपांच्या नुकसानीत एक हाताचा पॅलेट ट्रक आला असता आणि नव्या, खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या कॅनांचे पैसेही निघाले असते. असे कॅन वापरणे हा आता केवळ चांगुलपणाही राहिला नाही. अन्नाच्या वेष्टनाचे सरकारी नियम २०१८ सालचे आहेत. अन्नाला लागणारे भांडे खाद्यदर्जाचेच हवे, वर्तमानपत्रात बांधणेही मना आहे.

साडू आणि मी धंदा सोडला नाही. आता कॅन नवे घेतो, पावती जपून ठेवतो, आत एक पिशवी, बाहेर एक. काचेच्या बरण्या फक्त मुद्दाम काच मागणाऱ्यांसाठी, त्याही पुठ्ठ्याच्या खणांत, बुडाखाली आणि खांद्याला फोम, गळा मोकळा. पेंढा म्हशीला जातो. राहिली अडचण मुंबईतल्या उतरणीची. गाडी रात्री दोनला पोचते, गल्लीत ट्रॉली नसते, आणि झोपेतून उठलेला हमाल सवयीने गळ्यालाच हात घालतो. म्हणून गेल्या हंगामात आमची ट्रॉलीच मालाबरोबर ट्रकात बांधून पाठवली. चालकाने तिचे भाडे वेगळे मागितले. दिले.