नाचातली मस्तानी आणि पाबळची मस्तानी

2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटातले ‘पिंगा’ गाणे आले आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. पेशव्यांच्या घरातली स्त्री अशी नाचेल का, हा आक्षेप मुख्यतः काशीबाईंपुरता होता. मस्तानी नाचली याचे फारसे कुणाला वावगे वाटले नाही. तिने नाचायचे हे जणू ठरलेलेच. या गाण्यामागच्या खऱ्या बाईची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. गाण्यात इतिहास पाळला नाही, एवढीच तक्रार असती तर ती किरकोळ ठरली असती. खरी तक्रार अशी की, तिच्या काळात तिला घराबाहेर ठेवण्यासाठी जो शिक्का वापरला गेला, तोच गाण्याने भरजरी करून पुन्हा मारला.

जुने कागद अधिक बोलके आहेत. ‘तारीख-ए-मुहम्मदशाही’ ही फारसी तवारीख तिला कंचनी, म्हणजे नाचणारी, म्हणते. पण ती घोडदौडीत आणि तलवारीत तरबेज होती, मोहिमांवर बाजीरावांबरोबर असे, हेही नोंदवते. बुंदेलखंडातली परंपरा तिला छत्रसालाची मुलगी मानते. 1729 मध्ये महंमदखान बंगशाविरुद्ध बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावले, त्यानंतर ती पुण्यात आली. 1734 मध्ये तिला मुलगा झाला, तो समशेरबहाद्दर. 1740 च्या आरंभी राघोबांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न तोंडावर आले होते आणि मस्तानीचा संबंध असेपर्यंत ब्रह्मवृंद कार्याला यायला राजी नव्हता. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला पुण्यात अडकवून ठेवले. तिच्यावर अशी जबरदस्ती शाहू महाराजांना पसंत नाही, बाजीरावांचे मन दुखवू नये, असे गोविंदराव चिटणिसांनी त्या जानेवारीत पत्राने कळवले. 28 एप्रिलला रावेरखेडीला बाजीराव गेले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. गाणे सगळी गोष्ट दोन सवतींपुरती आवळते. कागदांत काशीबाईंचे वैर दिसत नाही, उलट समशेर त्यांच्याच देखरेखीखाली वाढला. तिथे दिसतात ते मुंजीचा मुहूर्त, मस्तानीचा दीर आणि तिचा सावत्र मुलगा.

यावर कुणी म्हणेल, नाचणे कमीपणाचे आहे का? मुळीच नाही. दौंड तालुक्यात चौफुल्याच्या कला केंद्रांत ढोलकी-पेटीच्या साथीने बारी रंगते तेव्हा तिथली कलावती वर्षांच्या रियाजाची कमाई मांडत असते. बैठकीत तिच्यावर दौलतजादा होतो. बाहेर पडल्यावर तिला कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे सांगायला नको. कला हवी पण कलावती घरात नको, हा न्याय मस्तानीच्या बाबतीत लागला आणि आजही सुटलेला नाही. म्हणून हरकत तिच्या नाचण्याला नाही, नाचापलीकडचे सगळे पुसून टाकण्याला आहे.

दुसरा युक्तिवाद असा की, ठेक्याच्या गाण्याला इतिहासाचे ओझे पेलत नाही. कोलंबियाचे गायक जो आरोयो यांचे ‘रेबेलिओन’ हे 1986 चे साल्सा गाणे याला उत्तर आहे. कार्ताहेनाच्या गुलामगिरीत बायकोवर हात उगारणाऱ्या मालकाविरुद्ध उठलेला आफ्रिकी गुलाम त्यात आहे. लॅटिन अमेरिकेत लोक त्यावर बेभान नाचतात आणि अन्याय कुणावर झाला हे विसरत नाहीत. तेव्हा उणीव ठेक्यात नसते, काय सांगायचे याच्या निवडीत असते.

गाण्यामुळे निदान मस्तानीचे नाव तरी पोचले, हे मात्र मान्य करायला हवे. म्हणूनच बंदीची मागणी पोकळ वाटते. गाणे ऐकून पाबळला येणाऱ्याला तिथे काय वाचायला मिळते, हा प्रश्न अधिक कामाचा आहे. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि गो. स. सरदेसाईंनी संपादिलेले त्याचे खंड छापलेले आहेत. त्यांतली मस्तानीविषयीची पत्रे सोप्या मराठी अर्थासह पाबळला लावणे पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हा परिषदेला अवघड नाही. त्या फलकावर अटकेचा उल्लेख हवा, शाहू महाराजांची नापसंती हवी आणि पानिपतावर जखमी होऊन 1761 मध्ये मराठ्यांसाठी मेलेल्या तिच्या मुलाचे नावही हवे. पुण्याने जिला घरची मानले नाही, तिचा मुलगा पुण्याच्याच झेंड्याखाली लढून मेला, एवढे जरी शिरूरच्या शाळकरी मुलांना कळले, तरी हा खर्च वसूल होईल.