परत येणार ना?

भुसावळ जंक्शनवर निरोप देण्याची आम्हाला सवय आहे. परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याला मात्र आम्ही मराठीचे प्राध्यापक हमखास विचारतो : ‘परत येणार ना?’ या प्रश्नात माया असते, तसा निवाडाही असतो. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितले, की तो लंडनला एका उपाहारगृहात भांडी घासतो आणि घरी ‘ऑफिसात आहे’ असे कळवतो. आमच्या प्रश्नाची आम्हालाच लाज वाटली.

परतणाऱ्यांची चरित्रे आपण आदर्श मानत आलो. केतकरांनी १९११ साली कॉर्नेलची डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी येऊन ज्ञानकोश उभा केला, हे आम्ही दरवर्षी अभिमानाने शिकवतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले डॉ. आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना, हे मात्र ओझरते सांगतो. परतणाऱ्याचे कर्तव्य आपण जाणतो, बोलावणाऱ्याचे काय?

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत मोलमजुरी करत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले. मायदेशाची दारे बंद झाल्यावर मेक्सिकोत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर ते परतले. १९६७ साली नागपुरात वारले. मधल्या काळात ते आपले नव्हते, असे कोण म्हणेल?

आजचा विद्यार्थी क्रांतिकारक नाही, कर्जदार आहे. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना त्याला आठवड्याला २० तासच काम करता येते. पदव्युत्तर शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे तेथील सरकारने ठरवले आहे. मागे रावेर-यावलकडची केळीची बाग गहाण असेल, तर तिथे राहणे हा द्रोह नसून हिशेब असतो.

मग इथे कोण उरणार, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण तो त्या मुलाला विचारण्याआधी, नेट-सेट होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांकडे पाहून व्यवस्थेला विचारावा.

त्या विद्यार्थ्याला आम्ही सुचवले, की घासलेल्या भांड्यांविषयी मराठीत लिही, आणि आधी घरी खरे सांग. आता फोन आला की आम्ही विचारतो : ‘जेवलास का? काम किती तास असते?’ परतीचे तो ठरवील.