घुमटाचा डावा हात

चवथ आली की केरीपासून डिचोलीपर्यंत घरोघर घुमट-आरत्या सुरू होतात. अलीकडे त्यांची ध्वनिमुद्रणेही कर्ण्यांवरून आणि मोबाइलवरून घुमू लागली आहेत. घुमू लागली, हे म्हणणेदेखील उदारपणाचे. कारण त्यांपैकी पुष्कळांतून घुमार तेवढा वगळलेला असतो! खालचे स्वर छाटले म्हणजे आरती मोठी वाजते, असे त्याचे समर्थन केले जाते.

हे समर्थन शास्त्राला सोडून आहे, असे नाही. मनुष्याचा कान सर्व कंपनांना सारखा न्याय देत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखविले. ध्वनिमापनाच्या ‘ए’ पद्धतीत दर सेकंदास १०० कंपनांच्या स्वरातून सुमारे १९ आणि ५० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा करतात, ते याचसाठी. उलट मुद्रणाला उंचीची ठराविक मर्यादा असते. ती ओलांडली की स्वर फाटतो. खर्जाची कंपने तेथे पुष्कळ जागा अडवितात, आणि कानाला त्या मानाने थोडी जाणवतात. ती गाळली की जागा मोकळी होते व उरलेले सारे वर चढविता येते. गाळणी स्वतः काही वाढवीत नाही. ती फक्त जागा रिकामी करते.

परंतु जागा रिकामी कोणाची करावयाची? तेरेखोलच्या मुखावरील वारा ध्वनिग्राहकात शिरून जी घरघर उठवितो, ती अवश्य गाळावी. त्याबद्दल कोणाचेही भांडण नाही. घुमटाची गोष्ट निराळी. उजव्या हाताची बोटे चामड्यावर बोल काढतात, आणि डावा तळहात मडक्याचे लहान तोंड झाकीत-उघडीत त्या बोलांना घुमार देतो. सरसकट खर्ज छाटणे म्हणजे वादकाचा डावा हात बांधून ठेवणे होय. मागे उरतो तो कांसाळ्यांचा खणखणाट.

कोणी म्हणेल, वरच्या उपस्वरांवरून कान खालचा स्वर ओळखतोच. ओळखतो, हे खरे. पण ओळखणे निराळे आणि छातीत घुमणे निराळे. छायाचित्रावरून माणूस ओळखू येतो, म्हणून त्याला घरी बोलावण्याचे आपण थांबवितो काय?

२०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. तो मान मुद्रणाच्या खोलीत हरवू देणे न देणे, हे देवस्थानांच्या महाजनांच्या व आरती-मंडळांच्या हाती आहे. त्यांनी मुद्रकास स्पष्ट बजावावे : वारा गाळा, घुमट गाळू नका, आणि मूळ अखंड प्रत आमच्या हवाली करा. आवाज थोडा लहान राहिला तर राहू द्या. ऐकणाऱ्याला तो वाढविता येतो. छाटलेला खर्ज मात्र कोणत्याही कळीने परत आणता येत नाही. देवापुढे मोठ्याने ओरडणे म्हणजे भक्ती, असे आपल्या पूर्वजांनी मानले असते, तर त्यांनी मडक्याला दुसरे तोंड ठेवलेच नसते.